टेबलावरचा दिवा कोण घालवतंय?

१८ नोव्हेंबर

ठमे,

पोचलीस का हे विचारायला फोन केला असता, पण आपल्या दोघांच्या फोनची कथा तुला माहीत आहे. तू "जेवलास का" विचारतेस आणि मी "मंगळवारी" असं उत्तर देतो. कानाला यंत्र लावलं तरी फोनमधला आवाज मला डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. तेव्हा ईमेलचं पत्रच बरं. एका बोटाने टाइप करतोय, चुका पदरात घे.

तू गेल्यापासून छपरावरच्या त्या छत्रीकडे मी येता-जाता बघतो. इतकी वर्षं या पठारावर मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं, आणि आता इंटरनेट आकाशातून थेट माझ्या स्वयंपाकघरात. डॉक्टर सहज डोकावले होते. म्हणाले, "काका, तुमचं तर डायरेक्ट वरती कनेक्शन झालं की!" या वयात असले विनोदही ऐकून घ्यावे लागतात.

तू बसवून दिलेलं सगळं ठीक आहे. पलंगाशेजारचा दिवा, टेबलावरचा दिवा, हीटर, पाण्याचा पंप, आणि दारावरची ती पांढरी पट्टी, दार उघडलं की तुझ्याकडे चुगली करणारी. कॅमेरा नको म्हटलं ते ऐकलंस, फार बरं केलंस. चाळीस वर्षं मी नाटकांना उजेड दिला आणि स्वतः अंधारात बसलो. आता कुणी माझ्यावर झोत टाकायला नको.

सध्या टेबलावर एक छोटा रंगमंच करायला घेतलाय, बुटांच्या खोक्याएवढा. नाटकाच्या वर्गातल्या पोरांना शिकवायला उपयोगी पडेल. मण्याएवढे दिवे आहेत, त्यामुळे दिवसाढवळ्याही टेबलावरचा दिवा लावून बसावं लागतं.

तिथून तुला घर दिसतंय का ते कळव.

मामा

२६ नोव्हेंबर

मामा,

पोचले. जेवलेही. मंगळवारीच.

एक घोळ झालाय. तुझ्या घरात बसून मी फोनवरून दिवे लावत होते, घालवत होते, तू समोर बसून टाळ्या वाजवत होतास. इथे आले आणि सगळं ठप्प. एक चक्र गोल गोल फिरतं आणि मग लिहून येतं, "घर सापडत नाही." दुपारी आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात मेणाच्या हिरड्यांवर दात बसवताना मी ते वाक्य बघितलं आणि कुणाच्या तरी कवळीत सुळा उलटा बसवला.

छत्रीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या मामांच्या घराला स्वतःचा पत्ताच नाहीये."

"म्हणजे काय?"

"छत्रीची कंपनी शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देते. मोठी इमारत समजा, आणि बाहेर एकच पाटी. आतला माणूस बाहेर जाऊन हवं ते घेऊन येऊ शकतो. पण बाहेरून कुणी आलं आणि म्हणालं, मला मामांकडे जायचंय, तर वॉचमन विचारणार, कुठले मामा?"

"मग आता?"

"मी त्यांच्याकडे एक डबा बसवतो. तो आतून माझ्या दुकानातल्या मशीनला सारखी हाक मारत राहील. तुम्ही त्या मशीनकडे यायचं. ते तुम्हाला हाकेच्या वाटेने आत सोडेल."

मला निम्मं कळलं, पण हो म्हणून टाकलं. तू हसशील, पण गेल्या हिवाळ्यात तू तापाने फणफणून पडला होतास आणि मला ते पोस्टमनकडून कळलं. पलंगाजवळ प्यायचं पाणीसुद्धा नव्हतं. तेव्हापासून माझं निम्मं डोकं तुझ्या घरातच असतं. निदान सकाळी हीटर लागला, दिवा लागला, एवढं दिसलं तरी माझा जीव भांड्यात पडेल.

डबा बसवायला येईल तेव्हा त्याला कुलूप बघून परत जायला लावू नकोस.

ठमी

९ डिसेंबर

ठमे,

डबा बसला. साबणाच्या वडीएवढा आहे, एक हिरवा ठिपका लुकलुकतो. छत्रीवाला घाईत होता. पिशवीत असाच आणखी एक डबा होता, तो पलीकडच्या माळावर बसवायचा होता आणि रस्त्यावर धुकं उतरायला लागलं होतं. चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायला.

पण ठमे, एक विचारू का? माझ्या टेबलावरचा दिवा तू घालवतेस का?

परवा दुपारी चिमट्यात एवढीशी तार धरून बसलो होतो आणि फट्. दिवा गेला. वाटलं, बल्ब गेला असेल. उठून बटण दाबलं तर लागला. काल पुन्हा तेच. मी नवा बल्ब घातला, तरी आज सकाळी पुन्हा. आज तर मी लावला की तो जायचा, मी लावला की जायचा. शेवटी मी खुर्चीवरून दिव्याला म्हटलं, "बाबा रे, एकदा काय ते ठरव!"

बल्ब जातो तेव्हा आधी थोडा थरथरतो. वायर सैल असेल तर लुकलुकतो. हा तसा नाही जात. बटण दाबल्यासारखा जातो. प्रकाशाच्या खोलीत कुणीतरी बसलंय आणि माझी एन्ट्री संपली असं त्याने ठरवलंय, असं वाटतं.

तू करत असशील तर नको करू. डोळे खराब होतील म्हणून काळजी वाटत असेल तर सरळ लिही.

मामा

१५ डिसेंबर

मामा,

दिसलं! घर दिसलं! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातून प्लास्टरचं भांडं पडलं.

आता तुझ्या दिव्याबद्दल. मी तो एकदाही घालवला नाही. शपथ. आणि खरं सांगू का, घालवायला तो लागलेला तरी कुठे असतो? तू म्हणतोस दिवसभर टेबलाशी बसतोस, पण मला इथे दिसतंय की टेबलावरचा दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद आहे. अंधारात तारा जोडतोस का?

हीटरही सकाळी बंदच असतो. इतकी थंडी, आणि तू लावत नाहीस! म्हणून मी आता स्वतःच लावते. सहाला उठले की आधी फोन हातात घेते, तुझा हीटर लावते, मग चहा टाकते. उठशील तेव्हा खोली ऊबदार असेल. कळलं का काही? आवडलं का?

आणि दार. दुपारी दार उघडं असतं, चांगलं तास-दोन तास. कुठे जातोस? फिरायला जात असशील तर चांगलंच आहे, पण दार लोटून जा ना.

ठमी

२३ डिसेंबर

ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मला काहीही कळलेलं नाही.

मी दुपारी कुठेही गेलेलो नाही. आठवडाभर धुकं इतकं आहे की अंगणातली टाकी दिसत नाही. दार मी कशाला उघडं ठेवू?

टेबलावरचा दिवा मी रोज लावतो. तो रोज जातो. मी पुन्हा लावतो.

आणि हीटर तू लावतेस म्हणतेस! ठमे, सकाळी माझ्या खोलीत तोंडातून वाफ निघते. मी उठतो, शाल गुंडाळतो, हीटरपर्यंत जातो आणि आपल्या हाताने लावतो. तू सहाला कुणाचा हीटर लावतेस?

परवा भर दुपारी पंप सुरू झाला. टाकी भरलेली होती. मी आत टेबलाशी, ऐकू येत नाही, पाणी वाहून दारापर्यंत आलं तेव्हा कळलं. पायातले मोजे भिजले.

आता असं करू. गुरुवारी दुपारी बाराला तू टेबलावरचा दिवा तीनदा लाव आणि घालव. मी समोर बसून राहतो, डोळ्यांची पापणी लवू देत नाही. चाळीस वर्षं मी खूण बघूनच दिवे टाकलेत. त्यात तरी चुकणार नाही.

मामा

२ जानेवारी

मामा,

मी बरोबर बाराला लावला. तीनदा. माझ्या फोनवर तीनही वेळा तो लागलेला दिसला, पिवळा, स्पष्ट. आणि तुझं दोन ओळींचं पत्र, "बसलो होतो. काही झालं नाही."

मामा, रागावू नकोस. तुला तेव्हा डुलकी लागली असेल का? किंवा वार चुकला असेल? मी तुला खोटं ठरवत नाहीये. पण मला एक दिसतं, तू दुसरंच सांगतोस, आणि मधल्यामध्ये माझं डोकं भणभणतं. हीटर लागलेला दिसतो आणि तू म्हणतोस गार आहे. दार उघडलेलं दिसतं आणि तू म्हणतोस बाहेर पडलो नाही. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?

मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, या वयात असं होतं, माणसाने केलेली गोष्ट त्याच्या लक्षात राहत नाही आणि मग ती आपोआप झाली असं वाटायला लागतं. मी त्यांना म्हटलं, माझा मामा तसा नाही. ते म्हणाले, सगळ्यांचेच मामा तसे नसतात.

दहाएक दिवसांनी जोडून सुट्टी आहे. मी येते. आपण मिळून बघू.

ठमी

१४ जानेवारी

मामा,

बसमध्येच लिहायला घेतलंय. रस्ता वळणांचा आहे, पण तुझा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

मी आले तेव्हा मनात हेच होतं, की खरंच काहीतरी बिघडलेलं निघू दे. एखादी तार, एखादं बटण. पण दोन दिवसांत काय झालं ते तूही बघितलंस. मी फोनवरून टेबलावरचा दिवा लावला, तो लागला. हीटर लावला, तो लागला. दार उघडलं, फोनवर दार उघडलं. एकदासुद्धा दिवा आपोआप गेला नाही. पंप आपोआप लागला नाही. मी म्हटलं, "मामा, बघ ना, सगळं बरोबर आहे," आणि तू चिमटा नि तारा आवरून ठेवल्यास. माझ्याशी भांडला असतास तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी डोकं तपासायला तुला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं ते तू नीट काढलंस. मग त्यांनी विचारलं, "दिवे आपोआप जातात असं वाटतं?" आणि तू म्हणालास, "वाटत नाही, जातात." त्यांनी लगेच काहीतरी लिहिलं. मला तिथून तुला उचलून आणावंसं वाटलं.

गोळ्या घे. रोज, जेवणानंतर.

आणि आता लिहायला जड जातंय ते लिहिते. माझ्या घरापासून दोन थांब्यांवर एक ज्येष्ठांचं निवास आहे. खोलीला मोठी खिडकी आहे. मी नाव नोंदवून ठेवलंय, फेब्रुवारीअखेरची खोली आहे. जबरदस्ती नाही. पण तिथे एकटा आणि असा, हे मला सोसत नाही.

तुझी ठमी

२५ जानेवारी

ठमे,

गोळ्या घेतोय. त्यांनी डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. दुपारी झोपतो.

मी खूप विचार केला. आमच्या थिएटरात मी लागलो तेव्हा एक वस्ताद होते, सगळे त्यांना उजेडअण्णा म्हणायचे. शेवटच्या दोन वर्षांत ते खुणा विसरायला लागले. नायिका मरायची आणि अण्णा सकाळ करायचे. आम्ही पोरं मागून हळूच दुरुस्त करायचो. त्यांना कधी कळलं नाही. उलट ते आम्हालाच म्हणायचे, कुणीतरी माझ्या बटणांना हात लावतंय. ठमे, हे वाक्य मला काल आठवलं आणि मी पलंगावर बसून राहिलो.

आजही दिवा दोनदा गेला. म्हणजे मला तसं वाटलं. मी तो पुन्हा लावायला उठलो नाही. गेला असेल किंवा मीच घालवला असेल. कोणी सांगावं.

तू म्हणतेस तर तसंच असेल. तू लहान होतीस तेव्हा मी सांगेन ते तू ऐकायचीस, आता उलट. पुस्तकं बांधायला घेतली आहेत. छोटा रंगमंच वर्गातल्या पोरांना देऊन टाकला, अर्धाच झाला होता.

खिडकी कुठल्या दिशेला आहे, एवढं कळव.

मामा

३ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी पलीकडच्या माळावर राहते. पूर्वी शाळेत शिवण शिकवायचे, म्हणून अजून सगळे मला शिवणबाई म्हणतात. तुमचा पत्ता मला छत्रीवाल्याने दिला. तुम्हाला कळवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून मी म्हटलं, मीच लिहिते.

माझ्या मुलाने घरात दिवे, हीटर, पंप असं सगळं बसवलं आहे, तुमच्यासारखंच. तो लांब राहतो, तिथून बघतो. डिसेंबरात सकाळी उठले तर खोली छान गरम! मी त्याला फोन केला, "अरे, किती काळजी घेतोस." तो जरा थांबला आणि म्हणाला, "असू दे गं आई." पण मग तोच म्हणायला लागला, "आई, तू भर दुपारी दिवा लावून ठेवतेस. मी घालवतो आणि तू परत लावतेस. पंप आठवडाभर लावला नाहीस, शेवटी मी लावला." मी म्हटलं, मी तर खिडकीपाशी उजेडात शिवते आणि दुपारी धुकं हटलं की दार उघडून उन्हात बसते. तो म्हणाला, "आई, तू विसरतेस." मागे जोडून सुट्टी आली तेव्हा धावत आला. घरात बसून बघितलं तर सगळं ठीक. जाताना डोक्यावरून हात फिरवून गेला. मला रडू आलं, कारण मलाही वाटलं, असेल, विसरत असेन.

पण एक गोष्ट मला पक्की आठवत होती. एका गुरुवारी दुपारी शिवणयंत्राच्या टेबलावरचा दिवा तीनदा लागला आणि गेला. मुलाला विचारलं तर म्हणाला, मी नाही. काल छत्रीवाला छत्रीचा कोन नीट करायला आला, त्याला सांगितलं. त्याने डबा उलटा करून नंबर बघितला आणि आपल्या वहीतल्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला.

डब्यांची अदलाबदल झालीय ताई. तुमच्या मामांचा डबा माझ्याकडे आणि माझा त्यांच्याकडे. दोन्ही घरांत वस्तू सारख्या, नावं सारखी, आणि त्या शहाण्याने पासवर्डही सगळीकडे एकच ठेवलेला. घरात बसून बघितलं की फोन घरातल्याच वायफायवरून बोलतो, म्हणून आपापलं घर दिसतं. बाहेरून आलं की दुसऱ्याच्या घरात शिरायला होतं.

तेव्हा इतके दिवस पहाटे माझी खोली तुम्ही गरम केलीत. आणि तुमच्या मामांचा दिवा माझा मुलगा घालवत होता. मामांना लगेच कळवा. आपलं डोकं फिरलंय असं वाटत राहणं किती वाईट असतं, ते मला ठाऊक आहे.

शिवणबाई

३ फेब्रुवारी

मामा! पुस्तकं सोड!

सोबत शिवणबाईंचं पत्र जोडते. ते आधी वाच, मग माझं.

वाचलंस? दिवा जात होता. खरंच जात होता. तू घालवत नव्हतास, तू विसरत नव्हतास, त्या गुरुवारी तुला डुलकीही लागली नव्हती. मी तीनदा लावला तो एका अनोळखी बाईंच्या शिवणयंत्रावर.

निवासाची खोली मी रद्द केली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गोळ्या आजपासून बंद. मी स्वतः जाऊन भेटतो." छत्रीवाल्याला मी इतकं बोलले की शेवटी मलाच दम लागला. तो म्हणत होता, "ताई, धुकं उतरत होतं, पिशवीत दोन्ही डबे एकसारखे..." मी म्हटलं, "तुमच्या धुक्यात माझा मामा वेडा ठरला!" पण फोन ठेवला आणि लक्षात आलं, त्याने फक्त डबे बदलले होते. वेडा मी ठरवला.

तू मला सांगत होतास. प्रत्येक पत्रात, साध्या सोप्या शब्दांत. आणि मी फोनकडे बघत होते.

रागव, शिव्या दे, पण लिही.

ठमी

२० फेब्रुवारी

ठमे,

उशीर केला, कारण आधी लिहिलेली दोन पत्रं फार कडक झाली होती. पुसून टाकली.

मी रागावलोय. ते लपवत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी हसलो, मोठ्याने, एकट्याने. मग टेबलाशी जाऊन दिवा लावला आणि तो जातो का बघत बसलो. गेला! त्या मुलाला अजून कळलं नसावं. आयुष्यात दिवा गेल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आणि मग एकदम रडू आलं. कारण गेले काही दिवस मी खरोखर मानलं होतं, ठमे. तू म्हणालीस म्हणून. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं मी तुझ्या शब्दावर सोडून दिलं होतं.

डॉक्टर आले होते. खुर्चीच्या कडेवर बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी काढलं, काटे जरा वाकडे आले. मी काही लिहून घेतलं नाही.

डबा मी काढून फेकणार होतो, पण ठेवलाय. तापाने पडलो होतो हेही खरंच आहे आणि तुझी काळजी काही खोटी नाही. फक्त एवढं कर, काही वेगळं दिसलं तर आधी मला विचार. आणि मी सांगेन ते खरं धर. दिव्याकडून माझी साक्ष काढायला जाऊ नकोस. सकाळचा हीटर मात्र लावू नकोस. डबे बदलल्यापासून खोली बरी तापते, पण शाल गुंडाळून हीटरपर्यंत जातो तेव्हा मला वाटतं, आज उठलो, चाललो, दिवस सुरू झाला. तो माझाच राहू दे.

छत्रीवाला डबे बदलायला आला तेव्हा त्याच्या गाडीतून मी पलीकडच्या माळावर गेलो. शिवणबाई ठेंगण्याशा आहेत, बोलायला मोकळ्या. माझ्या कोटाचं अस्तर लोंबत होतं ते त्यांनी दारातच बघितलं. म्हणाल्या, "चहा नंतर, आधी हा काढा." काल तो कोट आणायला पुन्हा गेलो.

मी विचारलं, "आता सकाळी गार होत असेल ना?"

म्हणाल्या, "डबे बदलल्यावर दुसऱ्याच दिवसापासून. मी मुलाला फोन करून विचारलं, अरे, हल्ली हीटर लावत नाहीस? तो म्हणाला, 'विसरलो गं आई, कामं फार आहेत.'"

"आधीही तो लावत नव्हता, हे त्याला म्हणालात की नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे, एवढं पुरे. त्याला कशाला?"

आम्ही अंगणात बसलो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं, पाठ शेकत होती. तेवढ्यात आतून हीटर लागल्याचा खट्ट असा आवाज आला म्हणे. मला अर्थातच ऐकू आला नाही, पण त्यांनी मान वळवली. दारातून बघितलं तर हीटरची जाळी लाल व्हायला लागली होती. या वेळेला, एवढ्या उन्हात.

बाई उठल्या. खुर्ची उचलली, आत नेली आणि हीटरसमोर जाऊन बसल्या.

मी म्हटलं, "अहो, बाहेर केवढं छान ऊन आहे!"

"असू दे हो," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून शेकायला लागल्या. "त्याने लावलाय."

मामा